नुसता अंधार झाला म्हणे!

शुक्रवार, ५ एप्रिल २०२४, सॅन डिएगो

सुटलो एकदाचे. बोटीने धक्का सोडला तेव्हा नवरा डेकवर होता आणि मी केबिनमध्ये, आईच्या बॅगेत आलेपाक शोधत. आपल्याला बोट लागणार हे तिने बंदराबाहेर पडायच्या आतच जाहीर करून टाकलं होतं. तिला काही झालं नाही. लेकीला मात्र तासाभरात लागली आणि आलेपाकाच्या वड्या तिच्याच कामी आल्या. धाकट्याने आइस्क्रीमचं मशीन शोधून काढलंय, त्याच्यापुरती सहल सुफळ संपूर्ण.

खूळ नवऱ्याचं. सोमवारच्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली पॅसिफिकवरून येते, मेक्सिकोत मासात्लानपाशी जमिनीला टेकते आणि मग टेक्सास, ओहायो, न्यू यॉर्क राज्य करत कॅनडावरून अटलांटिकमध्ये उतरते. धाकटे दीर डॅलसला, म्हणजे ऐन पट्ट्यात राहतात. 'वहिनी, इकडेच या, अंगणात खुर्च्या टाकू, दुसऱ्या दिवशी पाडवा पण एकत्र होईल,' असं ते महिनाभर सांगत होते. पण नवऱ्याने मागच्या अनेक एप्रिल महिन्यांचे ढगांचे नकाशे काढून दाखवले. मेक्सिकोच्या बाजूला आभाळ मोकळं असण्याची शक्यता जास्त, उत्तरेला जावं तशी ती घटत जाते. शिवाय अंगण जागचं हलत नाही, बोट हलते. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि खरं सांगायचं तर आठवडाभर स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, हा मुद्दा मला ढगांपेक्षा जास्त पटला होता.

अमेरिकेचा चालू व्हिसा असला की मेक्सिकोसाठी वेगळा लागत नाही, हे आईला कितीदा तरी समजावलं. तरी झोपताना विचारलंच, "परत आत घेतील ना गं आपल्याला?"

शनिवार, ६ एप्रिल, समुद्रात

दिवसभर डावीकडे बाहा कॅलिफोर्नियाचा किनारा, तोही धूसर. बोटीच्या नाकाशी बूबी नावाचे पक्षी तरंगत राहतात. बोटीला बिचकून उडते मासे पाण्याबाहेर झेपावले की हे वरून सूर मारतात. धाकट्याने यात सकाळ घालवली आणि त्याला एकदाही मोबाईल आठवला नाही.

दुपारी एका निवृत्त प्राध्यापकबाईंचं व्याख्यान होतं. नाट्यगृह गच्च भरलेलं, निम्मे लोक असे की ज्यांना आपण आजवर किती ग्रहणं 'केली' ते सांगायची घाई. मला ही जमात लग्नसमारंभात भेटणाऱ्या चारधाम करून आलेल्या काकांपेक्षा फार वेगळी वाटली नाही. बाईंनी मात्र छान सांगितलं. ग्रहणासाठी बोट काढायची ही पद्धत रुळली ती १९७२ पासून, टेड पेडास यांनी न्यू यॉर्कहून 'ऑलिंपिया' ही बोट अटलांटिकमध्ये नेली तेव्हापासून. परवाच्या ग्रहणाचा खग्रास काळ सर्वांत मोठा, म्हणजे ४ मिनिटं २८ सेकंद, तो मेक्सिकोच्या दुरांगो राज्यात नासास गावाजवळ. आम्हाला त्याहून थोडाच कमी मिळेल. सूर्य सध्या त्याच्या अकरा वर्षांच्या चक्रातल्या जोराच्या काळात आहे, त्यामुळे प्रभामंडल, म्हणजे सूर्याभोवतीचं तेजोवलय, दोनच बाजूंना ताणलेलं न दिसता चौफेर पसरलेलं दिसेल. हेच ग्रहण एका मालिकेतलं आहे, दर अठरा वर्षं अकरा दिवस आणि आठ तासांनी त्याचं भावंड येतं. आधीचं २९ मार्च २००६ ला होतं, पुढचं २० एप्रिल २०४२ ला. ते वरचे आठ तासच घोटाळा करतात. तेवढ्यात पृथ्वी एक तृतीयांश फिरते आणि ग्रहण दुसऱ्याच कुणाच्या तरी दारात जाऊन उभं राहतं.

मग १८६८ चं ग्रहण आलं, गुंटूरला तळ ठोकून बसलेले फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आले आणि सूर्याच्या प्रकाशात सापडलेल्या हेलियम वायूची कथा आली. आईने मला कोपराने ढोसलं. "विजयदुर्ग सांगत नाहीयेत त्या." आईचं माहेर देवगड तालुक्यातलं. विजयदुर्गावरच्या 'साहेबाच्या ओट्यां'वर दुर्बीण लावून लॉकियर साहेबाने हेलियम शोधला, हे तिच्या शाळेत शिकवलेलं सत्य आहे. लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्येच होते आणि त्यांनी आपलं निरीक्षण ऑक्टोबरमध्ये, ग्रहणाशिवाय केलं, हे मला माहीत आहे. सावली विजयदुर्गावरून गेली होती हेही तितकंच खरं. मी गप्प बसले. देवगडच्या माणसाशी हापूस आणि हेलियम या दोन विषयांवर वाद घालू नये.

रात्री वेधांचा प्रश्न निघाला. भारतात हे ग्रहण दिसत नाही, म्हणून तिथे पाळायचं काहीच नाही. पण आम्ही तर जिथे दिसतं तिथे मुद्दाम चाललोय! सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी, म्हणजे रविवारी रात्री दहापासून उपास. आणि आजूबाजूला चोवीस तास उघडा बुफे. आईने बराच विचार करून 'बाल, वृद्ध आणि आजारी' या सवलतीत स्वतःला बसवलं. सोमवारी सकाळी साडेसातपर्यंत इडलीसदृश काही मिळालं तर खाणार, नंतर पाणीसुद्धा नाही.

रविवार, ७ एप्रिल, काबो सान लुकास

बोट खोल पाण्यात उभी, लहान होड्यांतून किनाऱ्यावर. खडकाची प्रसिद्ध कमान पाहिली, फोटो झाले, ऊन फार. आईने विणलेली गवती हॅट घेतली आणि भाव करून घेतली. तिला स्पॅनिश येत नाही, विकणाऱ्याला मराठी. काही अडलं नाही.

रात्री बाल्कनीत बसलो होतो. आईने आपणहून १९८० चं काढलं. गोष्ट मी आधी ऐकलेली आहे, पण तुकड्यातुकड्यांत. १६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. बाबांची नोकरी तेव्हा कारवारला. त्या दिवशी खग्रासाचा पट्टा कारवार-अंकोल्याकडूनच भारतात शिरला होता, पुढे हुबळी, रायचूर करत पार ओरिसाच्या किनाऱ्यापर्यंत. शास्त्रज्ञ लांबून लांबून येऊन बसले होते आणि आई घरातल्या घरात, कारण मी पोटात. आजीने खिडक्यांवर चादरी लावल्या. चिरायचं नाही, शिवायचं नाही, कूस बदलायची नाही. म्हणजे हिशेबाने मीही त्या खग्रासात होते, फक्त आतल्या खोलीत.

"तुझे बाबा मात्र बाहेर. शेजारच्या डॉक्टरांकडून एक्स-रेची फिल्म आणली होती." (असली फिल्म डोळ्याला लावू नये, हे तेव्हा फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.) साडेतीन-पावणेचारला बाहेर एकदम आरडाओरडा झाला, आईला कळलं की झालं काहीतरी. मग बाबा आत आले. हिने विचारलं, कसं होतं? तर म्हणाले, "काही नाही गं, नुसता अंधार झाला."

आई सांगत होती ते अगदी सरळ, तक्रार म्हणून नव्हे. बाबांचं म्हणणं तिने मानलं आणि विषय तिच्यापुरता संपला होता.

सोमवार, ८ एप्रिल, मासात्लानच्या अलीकडे

सोमवती अमावास्या.

सहालाच डेक भरला होता. लोकांनी टॉवेल टाकून जागा धरल्या होत्या, आपल्याकडे एसटीत रुमाल टाकतात अगदी तसं. नवरा पहाटेपासून आभाळाकडे बघून कण्हत होता, कारण वर पातळ, पिंजलेले ढग होते. कप्तानाने सांगितलं की बोट सावलीच्या पट्ट्याच्या मध्यरेषेजवळ आणून ठेवतोय, धूर लोकांवर येणार नाही असं तोंड ठेवतोय आणि डेकवरचे आपोआप लागणारे दिवे बंद करतोय. शेवटच्या वाक्याला टाळ्या पडल्या. खग्रासात दिवे लागले असते तर दंगलच झाली असती.

दहाला दहा मिनिटं कमी असताना पहिला घास लागला. पुढचा तास तसा रटाळच जातो, हे कुणी कबूल करत नाही म्हणून मी लिहून ठेवते. चष्मा लावायचा, सूर्य थोडा आणखी खाल्लेला बघायचा, चष्मा काढायचा, लिंबू सरबत. सूर्य क्षितिजापासून सत्तर अंशांच्या आसपास वर, त्यामुळे आरामखुर्चीत आडवं होऊन बघायची सोय होती. मजा आली ती आईच्या हॅटमुळे. विणीतल्या प्रत्येक भोकातून एकेक सूर्यकोर तिच्या गालावर, मानेवर, साडीच्या निऱ्यांवर उतरली होती. तिने हॅट हलवली की सगळ्या कोरी एकदम सरकत. शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ हजारो डॉलरचा कॅमेरा सोडून तिच्या साडीचे फोटो काढायला आले. तिने पदर सारखा केला.

शेवटची दहा मिनिटं वेगळी. ऊन आहे पण उन्हाचा रंग गेलाय. हाताच्या सावलीत एकेक लव वेगळी दिसतेय. हवा गार झाली, लेकीने न सांगता माझी ओढणी ओढून घेतली. नैर्ऋत्येकडचा समुद्र आधी काळवंडला. सावली ताशी अडीच हजार किलोमीटरच्या आसपास वेगाने येत होती, 'आली, आली' म्हणेपर्यंत ती आमच्यावर होती. कडेला प्रकाशाचे दोन-तीन मणी, मग एकच ठिणगी, मग तीही नाही. अकरा वाजून सात मिनिटं. चष्मे काढले.

मधोमध काळं बिंब, इतकं काळं की आजूबाजूचं आभाळ त्यामानाने निळंच वाटावं. भोवती पांढरं प्रभामंडल, त्याला सगळीकडून टोकं फुटलेली. पातळ ढगांनी काहीच बिघडवलं नाही. खालच्या कडेला एक गुलाबी ठिपका, साध्या डोळ्यांनी स्पष्ट दिसणारा. ती सूर्यावरून उसळलेली ज्वाळा, आणि आकाराने पृथ्वीपेक्षा मोठी. एका बाजूला शुक्र, दुसऱ्या बाजूला गुरू. क्षितिजावर चहूबाजूंनी केशरी पट्टा, जणू सगळ्याच दिशांना सूर्य मावळलाय. माणसं ओरडत होती, कुणी रडत होतं. नवरा, ज्याने या चार मिनिटांसाठी सेकंदासेकंदाचा तक्ता केला होता, तो तक्ता हातात धरून नुसता उभा. एकही फोटो काढला नाही त्याने. धाकटा विचारत होता, "हे असंच राहिलं तर?"

मी आईकडे बघितलं. वाटलं होतं हात जोडेल, डोळ्यांत पाणी येईल. मी मनातल्या मनात तो प्रसंग केव्हाचा रंगवून ठेवला होता. आई खुर्चीतून उठून उभी राहिली होती, हॅट हातात, कपाळाला आठ्या.

"नुसता अंधार झाला म्हणे!" ती म्हणाली. जोरात म्हणाली.

मग काळ्या बिंबाच्या कडेला पुन्हा ठिणगी पेटून हिऱ्याची अंगठी चमकली, ऊन आलं, लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. आईचा पारा काही उतरला नाही. आंघोळ करून आली, जेवायला बसली, तरी तेच. "हे बघून आला माणूस आणि घरात येऊन मला सांगतो, काही नाही. निदान शुक्र दिसला एवढं तरी सांगायचं." मी म्हटलं, तुला वाईट वाटू नये म्हणून म्हणाले असतील. "मग वाटू द्यायचं होतं." नवऱ्याने सासऱ्यांची बाजू घ्यायचा प्रयत्न केला आणि लगेच माघार घेतली. बाबा जाऊन काही वर्षं झाली, पण आज दुपारभर ते आमच्या टेबलावर होते आणि चांगलेच बोलणी खात होते.

मलाही ठरवता येत नाही. बाबा बोलघेवडे नव्हतेच, त्यांनी ताजमहालाचं वर्णनसुद्धा 'बरा आहे' असं केलं होतं. पण आईला जे लागलंय ते वर्णन कमी पडल्याचं नाही. म्हटलं तर खिडकीवरची चादर बाजूला करता आली असती, आणि ते कुणालाच सुचलं नाही. तिला स्वतःलाही. हे शेवटचं ती म्हणाली नाही, मी म्हणतेय.

आमच्या टेबलावर वाढणारा मुलगा गोव्याचा, काणकोणचा. पहिल्या रात्रीपासून आईचं त्याच्याशी कोंकणीत गूळपीठ. "पळयलें मू रे?" तिने विचारलं. त्यांना पाळीपाळीने वर सोडलं होतं, त्याच्या पाळीला अर्धाच सूर्य खाल्लेला दिसला, खग्रासाच्या वेळी तो खाली जेवणाची मांडामांड करत होता. आईने ताट बाजूला सारलं आणि त्याला बसायची परवानगी नसल्यामुळे उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. काळं बिंब, टोकं, गुलाबी ठिपका, शुक्र कुठे, गुरू कुठे. हातवारे करून, एकही गोष्ट न गाळता. मग पर्समधून वीस डॉलर काढून त्याच्या हातात कोंबले. ग्रहण सुटल्यावरचं दान.

तिकडे साडेअकराच्या सुमाराला नवऱ्याने दिरांना निरोप टाकला होता, 'सावली निघाली, पोचतेच आहे.' आमच्यानंतर तेहेतीस-चौतीस मिनिटांत ती डॅलसला पोचली. सकाळपासून ढगाळ असलेलं त्यांचं आभाळ आयत्या वेळी फाटलं आणि त्यांनी अंगणातल्या खुर्चीवरून, फुकटात, सगळं पाहिलं. हे नवऱ्याला जड गेलंय.

मंगळवार, ९ एप्रिल, समुद्रात

पाडवा. बाल्कनीत काही बांधायची बंदी, म्हणून गुढी केबिनमध्येच. छत्रीची काठी, आईची खणाची घडी, बुफेतून मागून आणलेला स्टीलचा दुधाचा जग उपडा आणि साखरेची गाठी सॅन डिएगोच्या इंडियन स्टोअरमधून आणलेली. कडुनिंब नाही, त्याऐवजी लेकीने सगळ्यांना कडू कॉफीचा एकेक घोट प्यायला लावला.

नवरा सकाळपासून लॅपटॉप उघडून बसलाय. २ ऑगस्ट २०२७, इजिप्त, लक्सर, ६ मिनिटं २० सेकंदांच्या वर. मी बोटांवर महिने मोजले, म्हणजे दिव्याची अवस. ऑगस्टात लक्सरला चाळीसच्या वर ऊन असतं, मी म्हटलं आता पुरे. पण आईने चष्मा लावून नकाशा बघितला. मासात्लानच्या दीडपट वेळ, हे तिने दोनदा विचारून पक्कं केलं.

"उन्हात उभं राहायचं असेल तर मी नाही," ती म्हणाली. "नाईलमध्ये बोटी असतात ना? त्यात खुर्ची मिळते का विचार, आणि मग काढ तिकिटं."