माघी पौर्णिमा, झऱ्यावर

रविवार, १ फेब्रुवारी, रात्रीचे साडेअकरा

पायमोजे हीटरवर टाकलेत, अजून ओलेच आहेत. चंद्र खिडकीच्या वर आलाय, आज माघी पौर्णिमा, आणि झोप काही येत नाहीये, म्हणून आत्ताच लिहून ठेवते, उद्या शिफ्ट सुरू झाली की सगळं विरून जाईल.

आमच्या केअर होममधे नाइटला एक बाई असते, साठीच्या पुढची. इथं इंग्लंडात, स्विंडनमधे सगळे सगळ्यांना नावानंच हाक मारतात, मला तिच्या वयाकडे बघून अजून जड जातं. तिच्या गळ्यात वर्तुळातली पाच टोकांची चांदणी असते, मला दोन वर्षं वाटत होतं की साधं लॉकेट आहे. मागच्या महिन्यात रात्री तीनच्या चहाला मी तिला आमच्या सातेरीबद्दल सांगत होते, की देवळात वारूळ आहे आणि ते वारूळ म्हणजेच देवी, तर ती कप खाली ठेवून ऐकतच राहिली. मग म्हणाली, मी विक्कन आहे, एक तारखेला इम्बॉल्क आहे, येशील का. विक्कन म्हणजे विक्का हा धर्म पाळणारी, देवीला नि निसर्गाला पूजणारी, आणि इम्बॉल्क हा त्यांचा सण.

आईला फोनवर सांगितलं तर पहिला प्रश्न, "चेटकीण काय गो ती?" आईचा दोष नाही, आपल्याकडे या गोष्टीला दुसरा शब्दच नाहीये, आणि जो आहे तो बाईला मारायला, गावाबाहेर काढायला वापरलेला शब्द आहे. ही मात्र स्वतःला सरळ विच म्हणवते, मान वर करून. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समधे साधारण १३ हजार लोकांनी धर्म म्हणून विक्का लिहिलं आणि ७४ हजारांनी पेगन, म्हणजे निसर्ग नि जुने देव मानणारे, त्यातली ती एक.

गाडीत ती बोलत होती. मला वाटलेलं की ती म्हणेल आमचं हे हजारो वर्षांचं, गुप्तपणे चालत आलेलं वगैरे. पण ती म्हणाली, माझा धर्म माझ्यापेक्षा थोडाच मोठा आहे. १९५१ मधे जुना विचक्राफ्ट कायदा, म्हणजे चेटुकाविरुद्धचा, रद्द झाला, मग १९५४ ला जेराल्ड गार्डनरने पुस्तक लिहून हे उघड केलं, आणि तो कोण, तर सिलोन-मलायात मळ्यांवर नि कस्टम्समधे उमर काढून परतलेला रिटायर्ड माणूस. पूजेची भाषा घडवली ती डोरीन व्हॅलिएंटने, तिच्याबद्दल ही फार प्रेमाने बोलते. जुना धर्म लपूनछपून टिकला हे म्हणणं मार्गारेट मरेचं होतं, त्या जन्मल्या कलकत्त्यात, आणि ते तसं नाही हे ज्यांनी नीट अभ्यासून मांडलं ते इतिहासकार रोनाल्ड हटन जन्मले उटीला, हे ऐकून मला उगाच आपल्या गल्लीतलं कोणीतरी भेटल्यासारखं झालं. मी विचारलं, मग जुनं नाहीये हे कळल्यावर वाईट नाही वाटलं? ती म्हणाली, चंद्र जुना आहे ना, पाणी जुनं आहे ना, ते मला पुरतं.

आधी एव्हबरीला थांबलो. एवढं मोठं दगडांचं रिंगण, की गावातली घरं, रस्ता, पब सगळं त्याच्या पोटात आहे. पण मला लक्षात राहिल्या त्या मधेमधे उभ्या काँक्रीटच्या बुटक्या खुणा. सतराव्या-अठराव्या शतकात लोकांनी दगडाखाली जाळ करून, वर गार पाणी ओतून ते फोडले आणि घरं बांधली, आजही त्या भिंतींतून तेच दगड आहेत. १९३० च्या दशकात अलेक्झांडर कीलर नावाच्या माणसाने पुरलेले दगड काढून परत उभे केले, आणि जिथला दगड कायमचा गेला तिथे ही खूण रोवली, की इथे एक होता. मी एका खुणेवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिले, तेव्हा कळलं नाही का.

मग सिल्बरी टेकडीच्या पुढे, शेतातून चिखल तुडवत स्वॉलोहेडच्या झऱ्यावर. हा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि आता हिवाळ्यात भरून वाहतो, इम्बॉल्कला पाणी बघायला यायचं ते म्हणूनच. आम्ही सहाजण होतो. तिची आतली मंडळी वेगळी, तिथले विधी शपथेचे, बाहेर सांगायचे नाहीत, आजचं सगळ्यांना खुलं होतं. वर्षात आठ सण, त्यातला हा मेंढ्यांना दूध उतरायच्या दिवसांचा, ब्रिगिडचा. ब्रिगिड आयर्लंडची, कवितेची, लोहाराच्या भट्टीची आणि औषधाची देवी, पुढे ख्रिस्ती लोकांनी त्याच नावाची संत मानली. देवी त्यांच्यात तीन रूपांत येते, वाढत्या, पूर्ण आणि उतरत्या चंद्रासारखी, आणि जोडीला शिंगं असलेला रानाचा देव.

वर्तुळ करून ती पूर्वेकडे वळली आणि वाऱ्याला बोलावलं, दक्षिणेला अग्नीला, पश्चिमेला पाण्याला, उत्तरेला मातीला, आणि प्रत्येक हाकेनंतर बाकीचे एका सुरात "हेल अँड वेलकम". तिसऱ्या वेळी माझ्या तोंडून निघून गेलं, "व्हय म्हाराजा". मोठ्याने. आमच्याकडे गाऱ्हाणं घालताना गावकर एकेका वेशीच्या देवाला हाक मारतो आणि सगळा गाव हेच म्हणतो, मला काही विचार करायला वेळच मिळाला नाही. कोणी वळून पाहिलं नाही. चौथ्या वेळी मी मुद्दाम म्हटलं.

दूध सगळ्यांनी घोट घोट प्यायलं, थोडं मातीत घातलं, पाण्यात एक थेंब नाही, तिने बजावून सांगितलं होतं. मला वाटलं झालं आता, निघू. तर तिने पिशवीतून कात्री काढली. झऱ्यावर विलोचं झाड आहे, आपल्या वाळुंजासारखं, आणि त्याच्या फांद्या रिबिनींनी भरलेल्या. चिंधी बांधायची जुनी रीत अशी की सुती कापड पाण्यात भिजवून बांधायचं, ते कुजत जातं तसं दुखणं जातं. पण हल्ली लोक नायलॉनच्या रिबिनी बांधतात, त्या कुजत नाहीत, फांदी जाड होते तशा सालीत रुततात. ती आणि मी तासभर ते कापत होतो, ती कापायची, मी पिशवी धरायची, बोटं बधिर झाली. एके ठिकाणी साल इतकी फुगून आत गेली होती की रिबीन सोडवताना ती झाडाला हळूच सॉरी म्हणाली.

तिथे मला रडू आलं. तिला वाटलं थंडीने.

आमची राय, म्हणजे देवीच्या नावाने राखलेली झाडी. आजी म्हणायची, रायतली सुकी काटकी पण घरात हाडू नको. आम्ही लहानपणी तिथून जाताना चपला काढायचो, फळ पडलं तरी उचलायचं नाही. आणि सहा वर्षांपूर्वी देवळाला सभामंडप हवा म्हणून निम्मी राय तोडली. कौल लावला, देवीने उजवा, म्हणजे होकार, दिला असं सांगितलं. मी तेव्हा मुंबईत होते, व्हॉट्सॲपवर मेसेज आला आणि मी पाच हजार वर्गणी पाठवली, पावतीवर नाव आहे माझं. सातेरी जुनी, राय जुनी, नियम जुना, सगळं मला आयतं मिळालेलं, आणि मी पैसे पाठवले. हिला कोणी काही दिलं नव्हतं.

आता बारा वाजून गेले. तिथे पहाटेचे साडेपाच, आई उठलेली असते म्हणून लावला फोन. "इतक्या पहाटे काय गो? बरा आसा मां?" मी म्हटलं आई, रायतली गेलेली झाडं सांग, कुठलं कुठे होतं तेही सांग. ती आधी गप्प झाली. मग चूल पेटवता पेटवता सांगायला लागली, दोन सातवीण, पाणवठ्याकडचा बेहडा, किंजळ, ऐन, वारुळाच्या मागचं जांभूळ, मी वहीत चौकोन काढून त्यात लिहित गेले. तिची तेरा झाली. मला चौदावं आठवतंय, पायवाटेच्या वळणावरची सुरंगी, मार्चमधे वास यायचा. आई म्हणते ती अजून उभी आहे, वळणाच्या खाली होती. उद्या कोणाला तरी बघून यायला सांगते म्हणाली.