सांडपाण्याच्या गाळाची राख काँक्रीटमध्ये: माझा अनुभव

मुंबईत सांडपाणी शुद्ध झाल्यावर जो गाळ उरतो, त्याचं पुढे काय होतं, हा प्रश्न मला छळत होता. म्हणून एम.टेक.च्या प्रकल्पाला हाच विषय घेतला.

गाळ मिळवायला परवानगी लागते. किती किलो हवा, कशासाठी हवा आणि उरलेल्याची विल्हेवाट कशी लावणार, हे पत्रात आधीच लिहा. काम लवकर होतं.

जुलैत मुंबईच्या उन्हाचा भरवसा नाही. गाळ १०५ अंशांना ओव्हनमध्ये वाळवला आणि मफल फर्नेसमध्ये, म्हणजे लॅबमधल्या बंद भट्टीत, ८५० अंशांच्या आसपास जाळला. राख तांबूस निघाली. गाळातल्या लोहाचा तो रंग.

खरं दुखणं पुढे सुरू झालं. काँक्रीटमध्ये नेहमी वापरतात त्या फ्लाय अॅशचे, म्हणजे दगडी कोळशाच्या राखेचे, कण गोल आणि गुळगुळीत असतात, त्यामुळे काँक्रीट सहज सरकतं. या राखेचे कण ओबडधोबड आणि सच्छिद्र, स्पंजासारखे पाणी पिणारे. सिमेंटच्या जागी २० टक्के राख घातली तर स्लंप, म्हणजे ओल्या काँक्रीटचा सैलपणा, जवळपास उरलाच नाही. पाणी वाढवायला हात पुढे केला, तर लॅबमधले मामा म्हणाले, "ताई, पाणी वाढवायचं तर क्यूब भरता कशाला?" क्यूब म्हणजे ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे. त्यांचं बरोबर होतं. पाणी-सिमेंट प्रमाण बदललं की तुलनेला अर्थच राहत नाही. मग सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता काँक्रीट सैल करणारं रसायन) वापरला आणि राख बॉल मिलमध्ये बारीक दळली. दळण्याने सगळ्यात जास्त फरक पडला, कामही सोपं झालं आणि ताकदही वाढली.

राखेतला फॉस्फेट सिमेंटचं घट्ट होणं लांबवतो. सिमेंट घट्ट व्हायला किती वेळ लागतो हे मोजणाऱ्या विकॅटच्या सुईपाशी बराच वेळ बसण्याची तयारी ठेवा, आणि जास्त राखेचे क्यूब साच्यातून काढायची घाई करू नका, कडा तुटतात.

२८ दिवसांनी १० टक्क्यांचे क्यूब साध्या क्यूबच्या जवळ पोचले, २० टक्क्यांचे मागे राहिले. जस्त, तांबं, शिसं पाण्यात उतरतं का, ही लीचिंग चाचणी मात्र कुणीही टाळू नये. माणसं ज्यावर चालणार, त्यात काय आहे हे कळायलाच हवं.

आयएस ३८१२ हे भारतीय मानक दगडी कोळशाच्या राखेसाठी आहे, ही राख त्यात बसत नाही. त्यामुळे कॉलम-बीमचा विचार मी सध्या करत नाही. शिवाय राखेतला फॉस्फरस खतासाठी उपयोगी आहे. जर्मनीत मोठ्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांना २०२९ पासून तो परत मिळवणं बंधनकारक आहे. आपणही आधी तो काढावा आणि उरलेली राखच काँक्रीटला द्यावी, असं मला ठामपणे वाटतं.

आता आयएस १५६५८ या पेव्हर ब्लॉकच्या मानकाप्रमाणे ब्लॉक पाडते आहे, दळलेली राख १० टक्के. झिजण्याची चाचणी बाकी आहे.