चिंगीचं जेवण कसं ठरवलं

चिंगी आमच्या घरी आली ती दीड-पावणेदोन वर्षांची होऊन. ठाण्यात आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत वाढलेली गावठी कुत्री, नसबंदी झालेली, कानाला त्याची खूण. रस्त्यावर तिने काय काय खाल्लं असेल कोण जाणे. घरात आल्यावर मात्र तिच्या पोटात काय जाणार हे सर्वस्वी आमच्या हातात आलं, आणि मला ती फार मोठी जबाबदारी वाटली. आपल्याला कंटाळा आला की आपण वेगळं काही करून खातो. ती बिचारी आपण पुढे ठेवू तेच वर्षानुवर्षं खाणार.

सल्ले भरपूर मिळाले. आई म्हणाली, "अगं, गावाकडचा आपला मोत्या भाकरी-दुधावर म्हातारा झाला, त्याला कुठे होती पाकिटं?" पेट शॉपवाल्याने सांगितलं, "मॅडम, ग्रेन-फ्री, म्हणजे बिनधान्याचं घ्या, बाकी सगळं नुसतं भरताड असतं." डॉक्टरांनी कुठलंच नाव सांगितलं नाही. म्हणाले, "दुकानात जा, पिशव्या उलट्या करा आणि मागचं वाचून या. मग बोलू." मला त्यांचंच बोलणं सर्वांत उपयोगी पडलं.

पिशवीच्या पुढच्या बाजूला चकचकीत कुत्रा, गाजर आणि कोंबडीचा तुकडा असतो. मागे बारीक अक्षरात खरी माहिती असते. मी सर्वांत आधी एक गोष्ट शोधायला शिकले: हे खाद्य 'संपूर्ण आणि संतुलित' आहे की 'पूरक'? ग्रेव्हीचे कित्येक चविष्ट पाऊच पूरक असतात, म्हणजे रोजचं जेवण म्हणून ते बनवलेलेच नसतात. त्यानंतर वय. पिल्लांचं, मोठ्या कुत्र्यांचं की सर्व वयांसाठी? अमेरिकेतल्या 'ॲफ्को' या संस्थेची मानकं अनेक देशांत वापरली जातात. त्यांत पाणी वगळून मोठ्या कुत्र्याला किमान १८ टक्के प्रथिनं आणि ५.५ टक्के चरबी लागते, पिल्लाला २२.५ आणि ८.५ टक्के. मोठ्या जातींच्या पिल्लांना तर कॅल्शियम जास्त झालं तरी हाडांचं नुकसान होतं, म्हणून लॅब्रॅडॉर किंवा ग्रेट डेनचं पिल्लू असेल तर पिशवीवरची कॅल्शियमची ओळ दोनदा वाचावी.

'पाणी वगळून' हे फार महत्त्वाचं. कोरड्या खाद्यावर प्रथिनं २४ टक्के आणि ओल्या पाऊचवर ८ टक्के दिसतात, तेव्हा पाऊच अगदीच निकृष्ट वाटतो. पण कोरड्यात पाणी १० टक्के, पाऊचमध्ये ८२ टक्के. २४ ला ९० ने भागून शंभराने गुणलं की जवळपास २७ टक्के येतात, आणि ८ ला १८ ने भागलं की ४४. प्रथिनांत पाऊच पुढे. तरीही तो आम्हाला परवडणारा नव्हता, कारण ८० ग्रॅमच्या पाऊचमध्ये साधारण ६०-६५ कॅलरी, आणि चिंगीचं पोट भरायला दिवसाला बारा-चौदा पाऊच लागले असते.

घटकांच्या यादीतही पाण्याचा असाच परिणाम असतो. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, पण वजन कच्च्या मालाचं धरतात. ताज्या चिकनमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, त्यामुळे ते सहज पहिल्या नंबरावर जातं. 'चिकन मील' म्हणजे वाळवून दळलेलं, ते तिसऱ्या नंबरावर असलं तरी प्रत्यक्षात प्रथिनं त्यातूनच जास्त येत असतील. नुसता पहिला घटक बघून मोहरून जायचं नाही आणि 'मील' वाचून नाकही मुरडायचं नाही.

ग्रेन-फ्रीचा प्रश्न मी जरा खोलात जाऊन वाचला, कारण ती पिशवी सर्वांत महाग होती आणि मला चिंगीसाठी चांगलंच घ्यायचं होतं. कुत्र्याला धान्य पचत नाही हे खरं नाही. २०१३ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या संशोधनात दिसलं की पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. माणसाच्या चुलीजवळ राहून हजारो वर्षांत घडलेला हा बदल. शिवाय जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हृदयाच्या एका आजाराची चौकशी सुरू केली. त्यात हृदयाचे स्नायू ताणून पातळ होतात, आणि नोंद झालेली बरीचशी कुत्री धान्याऐवजी वाटाणा-मसूर घातलेलं खाद्य खाणारी होती. कारण पक्कं ठरवण्याइतका पुरावा हाती आला नाही आणि २०२२ च्या शेवटी प्रशासनाने त्याबद्दल नेमाने माहिती देणं थांबवलं. मी मात्र ठरवलं की तांदूळ किंवा ज्वारी चिंगीला मानवत असताना ती टाळण्यासाठी जादा पैसे मोजायचे नाहीत.

आईचा मोत्या माझ्या मनातून जात नव्हता. आईचं म्हणणं खोटं नव्हतंच, मोत्या खरंच म्हातारा होऊन गेला. पण मी तिच्याशी बसून बोलले तेव्हा तीच आठवून सांगायला लागली: तो दिवसभर शेतात असायचा, उंदीर मारायचा, वहाळातले खेकडे खायचा, मासळी साफ केली की डोकी त्याचीच. भाकरी-दूध हा त्याच्या जेवणाचा आम्हाला दिसणारा भाग होता. चौथ्या मजल्यावरच्या कुत्रीला नुसती भाकरी-दूध दिलं तर उंदीर-खेकड्यांतून मिळणारं कुठून येणार?

मग आम्ही घरी शिजवायचा विचार केला, चिकन, भात, लाल भोपळा, वर अंडं. दिसायला यापेक्षा सुंदर जेवण नाही. पण २०१३ मध्येच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या, त्यांतल्या ९५ टक्क्यांमध्ये किमान एक तरी आवश्यक पोषकतत्त्व कमी निघालं. चिकन-भातात कॅल्शियम जवळजवळ नसतंच. चिंगीएवढ्या कुत्रीला रोज साधारण एक ग्रॅम लागतं, म्हणजे अंड्याच्या टरफलाची बारीक पूड अर्धा चमचा. हे जमण्यासारखं आहे. पण जस्त, तांबं, आयोडीन, ई जीवनसत्त्व? आणि ड जीवनसत्त्व तर कुत्र्याला उन्हात लोळून पुरेसं मिळत नाही, ते पोटातूनच जावं लागतं. डॉक्टर म्हणाले, "घरचं द्यायचं असेल तर जरूर द्या, पण पशुआहारतज्ज्ञाकडून तिच्या वजनाप्रमाणे पाककृती लिहून घ्या, आणि मग त्यात आज बटाटा, उद्या रताळं असं करू नका." आमच्या घरी तिघांच्या तीन पाळ्या, स्वयंपाक जो असेल तो करतो. इतकी शिस्त रोज टिकणं अवघड होतं. म्हणून संपूर्ण-संतुलित कोरडं खाद्य हा पाया धरायचं ठरलं.

कुठलं? जी दोन-तीन खाद्यं हिशोबात बसत होती त्यांच्या कंपन्यांना मी मेल केले. विचारायचे प्रश्न जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेने सुचवलेले आहेत आणि कुणालाही विचारता येतात. पाककृती कोण ठरवतं आणि त्या माणसाचं शिक्षण काय, कारखाना स्वतःचा आहे का, प्रत्येक घाण्याची, म्हणजे बॅचची तपासणी होते का, शंभर ग्रॅममध्ये कॅलरी किती, कॅल्शियम-फॉस्फरसचे नेमके आकडे काय. एका कंपनीने सगळे आकडे व्यवस्थित पाठवले. एकीने नुसतं माहितीपत्रक पाठवलं. एकीचं उत्तरच आलं नाही. आकडे पाठवणारीचं खाद्य मधल्या किमतीचं होतं, आम्ही ते घेतलं.

आता किती द्यायचं. सूत्र सोपं आहे आणि मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. वजनाचा घन करायचा, वर्गमूळाचं बटण दोनदा दाबायचं, ७० ने गुणायचं. चिंगी १५ किलोची. १५ चा घन ३३७५, दोनदा वर्गमूळ ७.६२, गुणिले ७० म्हणजे ५३३ कॅलरी. नुसत्या पडून राहण्याला एवढ्या लागतात. नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्यासाठी १.६ ने गुणायचं, म्हणजे ८५० च्या आसपास. पिशवीवर कॅलरी नसल्या तरी काढता येतात: प्रथिनांचे टक्के गुणिले साडेतीन, चरबीचे गुणिले साडेआठ, आणि प्रथिनं, चरबी, तंतू, पाणी, राख (म्हणजे खनिजं) शंभरातून वजा करून उरतं ते पिष्ट, तेही गुणिले साडेतीन. आमच्या खाद्याचं उत्तर १०० ग्रॅमला ३३३ आलं. खाऊसाठी दहा टक्के बाजूला ठेवले की दिवसाला २३० ग्रॅम. पिशवीवरच्या तक्त्यात यापेक्षा बरंच जास्त लिहिलं होतं. वाटीचा अंदाज दर माणसागणिक बदलतो, म्हणून आम्ही काट्यावर मोजतो.

खाऊच्या दहा टक्क्यांत आईचा सगळा लाड बसतो, उकडलेलं अंडं, भोपळा, चमचाभर दही. एका ग्लुकोज बिस्किटात वीसेक कॅलरी, पोळीत शंभरच्या आसपास, हे सांगितल्यावर वॉचमनकाकांनीही बिस्किटं सोडून आमच्याकडचे तेच दाणे खिशात ठेवायला सुरुवात केली. फ्रिजवर एक कागद लावलाय: कांदा-लसूण नाही, मनुका-द्राक्षं नाहीत, चॉकलेट नाही, शुगर-फ्री च्युइंग गम तर घरातच नाही, शिजवलेली हाडं नाहीत. त्यात चिंचही आहे. द्राक्षांमुळे कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात ती टार्टारिक ॲसिडमुळे असावीत, असं अमेरिकेतल्या प्राणी-विषतज्ज्ञांनी २०२१ मध्ये मांडलं, आणि चिंचेत ते भरपूर असतं. आपल्या आमटीत कांदा, लसूण, चिंच तिन्ही असतात, त्यामुळे "जरा आमटी ओतून देऊ का" याला उत्तर कायमचं 'नको' आहे.

खाद्य बदलताना हळूहळू बदललं: आधी पाव हिस्सा नवं, मग अर्धं, मग पाऊण, आठवडा-दहा दिवसांत पूर्ण. मधे एकदा शी पातळ झाली, तेव्हा पुढे न जाता तिथेच थांबलो. पुढे अंगाची परीक्षा हाताने. बरगड्यांवरून हात फिरवला की आपल्या पालथ्या पंजावरून बोट फिरवल्यासारखं लागावं. मुठीच्या उंचवट्यांसारखं लागलं तर रोड, तळव्यासारखं मऊ लागलं तर वजन वाढलंय. त्याप्रमाणे आकडा दहा-वीस ग्रॅमने हलवायचा, कारण सूत्र सरासरीचं आहे आणि कुत्रं आपलं.

साठवणीबद्दल ठाण्याच्या पावसाळ्यात राहणाऱ्याने जास्त जपावं. सुटं खाद्य मी अजिबात घेत नाही. उघड्या पोत्याला ना तारीख, ना घाणा क्रमांक, आणि दमट हवेत चरबी खवट होते, बुरशी धरते. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन यकृत संपवतं. २०२०-२१ च्या हिवाळ्यात अमेरिकेत एका कंपनीच्या खाद्यात ते सापडलं, आणि शंभरावर कुत्री दगावल्याची नोंद झाली. म्हणून महिन्याभरात संपेल एवढीच पिशवी आणायची. दाणे डब्यात न ओतता मूळ पिशवीसकटच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचे, म्हणजे घाणा क्रमांकही हाताशी राहतो. आणि घटकांचा क्रम कधी कधी गाजावाजा न करता बदलतो, त्यामुळे जुन्या पिशवीच्या मागच्या बाजूचा फोटो मोबाइलमध्ये ठेवलाय. नवी आली की फोडण्याआधी दोन्ही जुळवून बघते, फरक दिसला तर हिशोब पुन्हा करते.