मोर की मोअर

लेक आठ महिन्यांची होती तेव्हा आमच्या नेरुळच्या घरात संध्याकाळी सहा ते आठ नुसता तमाशा असायचा, म्हणजे मी ऑफिसातून येऊन चप्पल काढते न काढते तोवर भोकाड, घेतलं तरी रड, ठेवलं तरी रड, दूध पुढे केलं तर बाटली भिरकावून दिलेली, आणि सासूबाई एकीकडून म्हणणार पोट दुखतंय हिंग लाव, नवरा म्हणणार दात येतायत, आणि मी मधे घामाघूम. तिला काहीतरी हवं असायचं आणि ते आम्हा तिघा शिकल्यासवरलेल्या माणसांना कळत नसायचं, एवढंच.

तेव्हाच कुठल्यातरी रात्री दोन वाजता मोबाइलवर बेबी साइनिंगचे व्हिडिओ सापडले. आयडिया सोपी आहे. जीभ-ओठ ताब्यात यायला वेळ लागतो, हात आधी वळतात, म्हणून बोलायच्या आधी बाळाला हाताच्या चार खुणा द्यायच्या. आपली पोरं टाटा करतात, बाप्पाला जय करतात, ते कुठे बोलता येतं म्हणून करतात? मी तीनच उचलल्या. दूध म्हणजे धार काढल्यासारखी मुठीची उघडझाप. अजून म्हणजे दोन्ही हातांची बोटं चिमटीत जुळवून टोकांवर टोकं टेकवायची. संपलं म्हणजे दोन्ही पंजे उलटसुलट फिरवायचे. नियम एकच, खूण करताना शब्द तोंडाने म्हणायचाच, आणि ती वस्तू समोर असताना. उगाच रिकाम्या वेळी शिकवणी घ्यायची नाही.

सासूबाईंना हे अजिबात पटलं नाही. "मुकी करून ठेवशील पोरीला" असं सरळ म्हणाल्या. मला राग आला पण खरं सांगायचं तर आत कुठेतरी भीतीही वाटली, म्हणून मग वाचत बसले. हे सगळं सुरू कुठून झालं तर १९८० च्या दशकात लिंडा अक्रेडोलो आणि सुसन गुडविन या दोन अमेरिकन संशोधकांपासून. अक्रेडोलोची स्वतःची वर्षाची मुलगी फूल दिसलं की वास घेतल्यासारखं नाक करायची, कोणी न शिकवता, तिथून त्यांना सुचलं. पुढे मग क्लास, पॅकेज, आयक्यू वाढतो, लवकर बोलतात वगैरे भरपूर मार्केटिंग झालं. पण २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या एलिझाबेथ कर्क आणि तिच्या टीमने ४० बाळं आठव्या महिन्यापासून विसाव्यापर्यंत बघितली, तर खुणा शिकलेली आणि न शिकलेली, बोलण्यात काही फरक नाही. लवकर नाही, उशिराही नाही. फरक पडला तो आयांमध्ये, त्या बाळाच्या न बोललेल्या गोष्टींकडे जास्त लक्ष द्यायला लागल्या होत्या. मी हे सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मग आधी काय भिंतीकडे बघत होत्या का?"

दोन महिने काहीही झालं नाही. मी वेड्यासारखी मूठ उघडझाप करतेय आणि ही माझ्याकडे बघून जांभई देतेय. नवऱ्याने तर सोडूनच दिलं होतं. मग एका रविवारी दुपारी, हाय चेअरवर, मऊभात-वरण-तूप चाललं होतं, मी भांडं उचलायला वळले आणि हिने डावा तळहात उघडा धरून उजव्या हाताचं एक बोट त्यावर टकटक मारलं. थांबली. माझ्याकडे बघितलं. परत टकटक. भाताचं एक शीत बोटाला चिकटलेलं, ते तळहातावर उमटत होतं.

"बघ, मोराला बोलावतेय!" सासूबाई खुश. कारण त्या रोज दुपारी तिला मांडीवर घेऊन तळहातावर बोट टेकवत मोराला हातावर बसवायचं ते आपलं जुनं बडबडगाणं म्हणायच्या. मी म्हटलं आई, ती अजून मागतेय. त्या म्हणाल्या मोर. आणि इंग्रजीत अजूनला मोअरच म्हणतात, म्हणजे हा योगायोग तरी काय म्हणायचा. नंतर कळलं की या वयात चिमटी धड जुळत नाही म्हणून खूप बाळं ही खूण अशीच तळहातावर बोट मारून करतात. पण त्या दिवशी वाद रंगला. सासूबाईंनी घास न देता अख्खं गाणं म्हणून दाखवलं, मोर भुर्रकन उडवून दिला, आणि लेक अशी किंचाळली की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी फोन केला. मग मी चमचा पुढे केला. गप्प. आऽऽ. त्या दिवसापासून घरात अजूनला मोर म्हणतात. मोर हवाय का, मोर झाला का. आणि शिकवलं कोणी तर अर्थात आजीने.

यापुढचं मला जास्त सांगायचंय. माझं माहेर ठाण्याला, नौपाड्यात. शनिवारी लेकीला घेऊन जाते आणि रविवारी ठाणे-नेरुळ लोकलने परत. एकदा लेडीज डब्यात समोर दोन मुली बसल्या होत्या, पंचविशीच्या असतील, हातांनी बोलत होत्या, आणि काय बोलत होत्या! भुवया, गाल, खांदे, सगळं चालू, मधेच एकीने डोळे फिरवले तर दुसरी खिदळून वाकली. लेक मांडीवर पुतळा झालेली. ऐरोलीच्या आसपास त्या थांबल्या, एकीने फोन काढला, तर हिने लगेच तळहातावर टकटक. त्या दोघी फुटल्याच हसायला. मी घाईघाईने माझी ती चिमटीवाली नीट खूण करून दाखवली, म्हणजे आम्ही पण शिकवतो हं घरी, अशा थाटात. तिने फोनवर टाइप करून पुढे धरलं: हे अमेरिकेचं आहे. कुठे शिकलात?

इतकी लाज वाटली. साइन लँग्वेज म्हणजे जगभर एकच असते असंच मी धरून चालले होते. तर अमेरिकेची वेगळी, आपली भारतीय सांकेतिक भाषा वेगळी. त्यांची एबीसीडी एका हाताने, आपली दोन्ही हातांनी. दिल्लीतल्या सरकारी संस्थेने काढलेल्या आपल्या कोशात २०२१ पर्यंत १०,००० शब्द झाले, सगळे व्हिडिओ फुकट बघता येतात, आणि मी रात्री दोन वाजता अमेरिकन बाईचं बघून दूध मागायला शिकवत होते. त्यात माझे तीन शब्द म्हणजे भाषा नाहीच, ती घरगुती सोय. भाषा त्या समोर चालली होती. सासूबाईंचा तो "मुकी" शब्दही तेव्हा आठवला, आणि मी त्यांना तेव्हा फक्त संशोधन सांगितलं होतं, शब्दाबद्दल काहीच बोलले नव्हते हेही आठवलं.

लेक आता पावणेदोन वर्षांची आहे, अखंड बडबडते, दूधची खूण कधीच गेली, संपलं फक्त माझ्या लॅपटॉपला करते. मोर तेवढा टिकलाय. मी मात्र रोज रात्री दहा मिनिटं ते कोशाचे व्हिडिओ बघते. हात वळतात, भुवया काही वळत नाहीत, आणि प्रश्न तर भुवयांशिवाय प्रश्नच होत नाही. नवरा म्हणतो तू कोणावर तरी चिडल्यासारखी दिसतेस. एक बरंय, प्रश्नातला काय आपल्यासारखाच शेवटी येतो.

त्या मुली तुर्भ्याला उतरल्या, हात हलवून. रविवारी मी अजून त्याच डब्यात चढते, पण परत दिसल्या नाहीत. त्या दिवशी नावं विचारायची राहिली. आता विचारता येईल. तुझं, नाव, काय.