पेन्सिल खाली ठेव

हाँगकाँगमध्ये इंग्रजी शिकवते म्हटलं की आपल्याकडच्या लोकांना वाटतं, तिथे काय, 1997 पर्यंत ब्रिटिशांचंच राज्य, पोरं फाडफाड बोलत असतील. माझी शाळा न्यू टेरिटरीजमधली, चिनी माध्यमाची. घरी कॅन्टोनीज, वर्गात कॅन्टोनीज, मधल्या सुट्टीत तर विचारूच नका. इंग्रजी फक्त आमच्या तासाला.

फॉर्म सिक्सला, म्हणजे आपल्या बारावीला, डीएसई ही बोर्डाची परीक्षा असते. इंग्रजीत वाचनाला 20 टक्के वजन, तर ऐकण्याच्या पेपर तीनला 30. रेकॉर्डिंग एकदाच लागतं, सुटलं ते सुटलं. मधल्या रिकाम्या वेळात 'ग्रीनस्लीव्हज'ची धून वाजते. इथल्या माणसाच्या कानावर ती पुढे कुठेही पडली तरी पोटात गोळा येतो म्हणतात.

त्या वर्षीच्या मॉक परीक्षेत एका मुलाच्या पेपरापाशी मी अडकले. वाचनात हुशार, आणि लिसनिंगमध्ये पार आपटलेला. यावर शाळेचं ठरलेलं निदान, कान कच्चा. ठरलेलं औषध, आणखी जुने पेपर. विभागप्रमुखांनी गठ्ठा काढूनही ठेवला होता.

मला आधी शंका आली ती शब्दाच्या शेवटच्या व्यंजनांची. कॅन्टोनीजमध्ये शेवटचे प, त, क तोंडातल्या तोंडात मिटतात, त्यामुळे 'कॅन' आणि 'कान्ट'मध्ये आमची मुलं नेहमी घसरतात. पण याची तशी एकही चूक नव्हती. फोन नंबर बरोबर, स्पेलिंग सांगितलेलं आडनाव बरोबर. चुकलं होतं ते बोलणारी व्यक्ती मत बदलते तिथेच. 'मंगळवारी करू या... अरे नाही, हॉल मिळत नाहीये, गुरुवारीच ठेवू.' पेपर काढणारे असे सापळे मुद्दाम लावतात. याने लिहिलं होतं 'ट्यूजडे'. आणि काय अक्षर! छापल्यासारखं, ओळीला अगदी चिकटून. खाली पहिलं घाईतलं 'ट्यूजडे' खोडल्याची पुसट खूण. म्हणजे तोच चुकीचा वार त्याने सुबक करून परत लिहिला होता.

शाळा सुटल्यावर त्याला थांबवलं. आधी त्याच प्रकारच्या एका संवादाचा छापील मजकूर दिला. अर्ध्या मिनिटात सगळी उत्तरं बरोबर. मग दुसरा संवाद मी स्वतः वाचला.

"पेन्सिल खाली ठेव. फक्त ऐक, आणि नंतर सांग."

"काहीच लिहायचं नाही, मिस?" त्याला हे गैरच वाटत होतं.

वाचून झाल्यावर त्याने बैठक कधी, कुठे, कुणी यायचं नाही म्हटलं, सगळं सांगितलं. मत बदललेलं तर आधी सांगितलं, हसत. कानाला काही झालं नव्हतं. तिसऱ्या संवादाला पेन्सिल परत दिली, आणि तो 'लायब्ररी'चं एकेक अक्षर कोरत असताना माझी पुढची दोन वाक्यं निघून गेली. मान वर केली तेव्हा त्याला माहीतच नव्हतं की ठिकाण बदललंय.

"'ग्रीनस्लीव्हज' वाजत असतं तेव्हा तू काय करतोस?"

"अक्षर नीट करतो, मिस."

तो वेळ असतो पुढचे प्रश्न वाचून ठेवायला. अख्खा वर्ग तेच करतो, आणि हा खोडरबर घेऊन बसायचा. प्राथमिक शाळेपासून सुवाच्य अक्षरासाठी शाबासकी घेत आलेला मुलगा, त्याला घाणेरडं लिही म्हणणारी मीच पहिली असेन.

"नोट्स चायनीजमध्ये काढल्या तर चालेल?"

"मोडी लिपीत काढ. कच्चं काम कोण तपासतंय?" मोडी म्हणजे काय ते त्याला कळलं नाही, मीही सांगत बसले नाही.

विभागप्रमुखांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, शेवटी उत्तर इंग्रजीतच लिहावं लागणार ना? बरोबरच होतं त्यांचं. पण मग तीस टक्क्यांच्या पेपरात आपण याचा कान मोजतोय की हात, हे निदान आपल्याला तरी माहीत असायला हवं. गठ्ठा त्यांनी परत नेला नाही. त्याने त्यातले पेपर सोडवले, खोडरबर माझ्याकडे जमा करून.

पेपरचा दुसरा भाग सोपा बी1 किंवा अवघड बी2 असा निवडायचा असतो. मी बी2 घे म्हणून मागे लागले होते. तो म्हणाला, युनिव्हर्सिटीला इंग्रजीत लेव्हल 3 पुरते मिस, धोका कशाला? बी1च घेतला. जुलैत निकाल लागला, लिसनिंगला 4. बी1 घेणाऱ्याला याहून वरची लेव्हल मिळतच नाही.