गोणपाट बांधलेले कॉलम

माझ्याआधी या घराचं काम करणाऱ्या ठेकेदाराला मी कधी भेटलो नाही. पण त्याचं काम चार महिने रोज डोळ्यांसमोर होतं. शेवटच्या बिलासाठी झालेल्या कामाच्या फायनल मोजमापाच्या दिवशी जे झालं, त्यानंतर ते काम मनातून जात नाही.

घरावर वरचा मजला चढवायचा होता. स्लॅब झालेला, वीटकाम निम्म्यावर थांबलेलं. उरलेलं वीटकाम, प्लास्टर, प्लंबिंग आणि फरशी, सगळं मटेरियलसकट माझ्याकडे येणार होतं. घरमालक पहिल्या भेटीत तासभर आधीच्या दोन ठेकेदारांबद्दलच बोलले. एक चोर, दुसरा अडाणी. मग म्हणाले, "तुमच्यासारखा माणूस आधीच भेटला असता, तर ही वेळ आली नसती." मला बरं वाटलं. कुणालाही वाटेल.

ते बोलत असताना मी सवयीनं भिंतीला ओळंबा लावला, ती सरळ उभी आहे का पाहायला. वरच्या थरापासून खालपर्यंत दोरी आणि वीट यांमधलं अंतर कुठेही हललं नाही. सांधे एकसारखे, साधारण १० मिलिमीटरचे. भिंत जिथे थांबली होती तिथे पुढच्या जोडकामासाठी एकाआड एक विटांचे दात सोडलेले होते. काम अर्धवट टाकून पळणारा माणूस दात सोडत नाही, हा गवंडी उद्या परत येणार होता. आणि कॉलमांना अजून गोणपाट गुंडाळलेलं होतं, सुतळीनं तीन ठिकाणी बांधलेलं. क्युरिंगचं, म्हणजे काँक्रीट पक्कं होईपर्यंत मारायचं, पाणी टिकावं म्हणून कॉलमला गोणपाट बांधणारे किती जण उरलेत? बहुतेक जण बिगाऱ्याला पाइप धरून दोन मिनिटं उभं करतात आणि पाणी मारलं म्हणतात.

म्हणजे हा माणूस चोरही नव्हता आणि अडाणीही नव्हता. मला ते त्याच क्षणी कळलं होतं. तरी मी ओळंबा गुंडाळून खिशात टाकला आणि "आपण करू व्यवस्थित" म्हणालो.

बाकीच्या खुणाही त्याच दिवशी समोर होत्या. ड्रॉइंग मागितलं तर मोबाइलमधले फोटो दाखवले. जादा कामाचा दर विचारला तर, "ते नंतर बघू हो, आपल्यात काय लिहायचं?" पैशाचा विषय काढला तर, "त्याची चिंताच करू नका." या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर एवढं खात्रीनं सांगतो, दरावर घासाघीस करणाऱ्याची मला भीती वाटत नाही. तो घासतो, कारण त्याला पैसे द्यायचे आहेत आणि ते त्याला मोजायचे आहेत. जो एकही आकडा न खोडता मान डोलावतो, त्याच्या मनात शेवटचा आकडा आधीच ठरलेला असतो.

संशयी गिऱ्हाईक म्हणजे वाईट गिऱ्हाईक, असं मात्र नाही. आमच्यातले पुष्कळ जण इथेच गल्लत करतात. माझ्या एका साइटवर घरमालकीणबाई रोज वही घेऊन सिमेंटच्या गोण्या मोजायच्या. सळईखाली कव्हर ब्लॉकचे ठोकळे कशाला, प्लास्टरवर किती दिवस पाणी मारणार, सगळं विचारायच्या. माझा सुपरवायझर वैतागायचा. पण त्या उत्तर लिहून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच उत्तरावर ठाम असायच्या. त्यांचं एकही बिल अडकलं नाही. प्रश्न किती विचारतात यापेक्षा, मिळालेलं उत्तर पाळतात का, हे पाहायला हवं.

या साइटवर उत्तर पाळलं जात नव्हतं. बाथरूमचे कन्सील्ड, म्हणजे भिंतीच्या आतले, पाइप टाकले, दाबाची टेस्ट घेतली, काटा जागचा हलला नाही, पाइपांसाठी भिंतीत खोदलेल्या झिऱ्या बुजवल्या. दुसऱ्या दिवशी दरवाजाची जागा बदलली. साहेबांनी, म्हणजे घरमालकांनी, सांगितलं एक, घरच्यांनी दुसरं. भिंत फोडा, पाइप हलवा, पुन्हा टेस्ट घ्या. एका खिडकीची सिल, म्हणजे खालची कड, दोनदा खाली आली. मी प्रत्येक बदल माझ्या वहीत तारखेनिशी लिहिला, पण सही एकदाही घेतली नाही. मागितली असती तर नात्यात कटुता येईल, असं वाटायचं. आज वाटतं, पहिल्याच आठवड्यात एखाद्या किरकोळ बदलावर सही मागायला हवी होती, दोन बोर्ड सरकवण्यासारख्या. कागद पुढे केल्यावर त्यांचा चेहरा कसा होतो, तेवढं तरी दिसलं असतं.

दर पंधरा दिवसांनी रनिंग बिल, म्हणजे तोवर झालेल्या कामाचे पैसे, असं ठरलं होतं. पहिली दोन वेळेवर मिळाली, तिसऱ्यापासून लांबायला लागली. बाहेरच्या लोकांना वाटतं, ठेकेदाराकडे पैसा असतोच. माझा पैसा वाळूत, पाइपात आणि फरशीच्या खोक्यांत अडकलेला असतो. गवंडी आणि बिगाऱ्यांचा आठवड्याचा पगार मात्र शनिवारी द्यावाच लागतो, आणि तो मी दिला.

मग मोजमापाचा दिवस आला. वाद निघाला तो खिडक्यांच्या वजावटीवरून, म्हणजे प्लास्टरच्या मापातून खिडकीची जागा किती वजा करायची यावरून. करारात लिहिलं होतं की अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघाडाची, म्हणजे खिडकी-दारासाठी सोडलेल्या जागेची, वजावट नाही आणि अर्ध्यापासून ३ चौरस मीटरपर्यंत भिंतीच्या दोन बाजूंपैकी एकाच बाजूची वजावट. यामागे कारण आहे. खिडकी १.२ बाय १.५ मीटरची, म्हणजे १.८ चौरस मीटर. तिच्या आतल्या चारही कडांचं प्लास्टर वेगळं मोजलं जात नाही. पण त्या कडा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणायला, पट्टी लावून धार काढायला गवंड्याला सपाट भिंतीपेक्षा जास्त वेळ लागतो. एका बाजूची वजावट न करणं ही त्या मेहनतीचीच भरपाई. साहेबांनी दोन्ही बाजू वजा करून आणल्या होत्या. करार उघडून दाखवला तर म्हणाले, "असं कुठे असतं का?" बदलांची वही काढली तर, "मी फक्त विचारलं होतं, करा म्हटलं नव्हतं." फरशीतल्या चार टाइल्स पोकळ वाजतात, हे मात्र त्यांचं बरोबर होतं. त्या मी त्याच दिवशी उखडायला सांगितल्या.

तेवढ्यात खाली गाडी थांबली. चाळिशीचा एक माणूस वर आला. पायात सिमेंट लागलेले बूट, खांद्याला पिशवी. साहेब त्याला घेऊन खोल्यांतून फिरायला लागले, मी जणू तिथे नव्हतोच. "बघा काय करून ठेवलंय. या लोकांना कामच येत नाही. तुमच्यासारखा माणूस आधीच भेटला असता..."

शब्दाला शब्द तेच. माझ्या गवंड्याची थापी हातातच राहिली. त्याच्या प्लास्टरबद्दल बोलणं चाललं होतं आणि त्याला ते ऐकू येत होतं.

त्या माणसानं पिशवीतून ओळंबा काढला, भिंतीला लावला आणि दोरी स्थिर होईपर्यंत थांबला. मग खिडकीच्या कडेवरून तळहात फिरवला, वरपासून खालपर्यंत. माझ्याकडे पाहिलं. काही बोलला नाही. ओळंबा गुंडाळून पिशवीत टाकला.

संध्याकाळी त्याचा फोन आला. नंबर कुणाकडून मिळवला, ते मी विचारलं नाही. "भाऊ, बाथरूमच्या भिंतीतले पाइप कुठून गेलेत, तेवढं सांगाल का? ड्रिल मारताना फुटायला नको." झिऱ्या बुजवण्याआधी टेप लावून काढलेले फोटो माझ्याकडे होते, ते सगळे पाठवले. त्यानं आभार मानले. मग दोघेही जरा वेळ गप्प होतो.

माझी अर्धी रक्कम अडकली आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही. तो त्यासाठीच थांबला होता का, हे मला अजून ठरवता येत नाही. आणि चार महिन्यांपूर्वी कॉलमांना गोणपाट बांधणाऱ्या माणसाचा नंबर मी मिळवला असता, तर त्यानं तरी मला सांगितलं असतं का, तेही.