भाचीची सीडीएक्स फाइल आणि हरवलेला बॉक

परवा संध्याकाळी रबाळ्याहून ठाण्याची लोकल कशीबशी पकडली, एक हात वरच्या कडीला, दुसऱ्यात फोन, आणि ऐरोली यायच्या आत भाचीचा मेसेज. "मामा ही फाइल जरा उघडून दे ना, रात्री गाईडना पाठवायचीय." खाली अटॅचमेंट, एक सीडीएक्स. मी टॅप केलं तर फोन म्हणाला ही फाइल उघडायला ॲप नाही. तिला कळवलं तर तिचं उत्तर, "माहितीये, माझ्याकडे पण नाही उघडत, मी नाव बदलून मोल (रेणूची दुसरी एक फाइल) केलं तरी नाही उघडत."

नाव बदलून! आमच्याकडे लॅबमध्ये नवीन आलेली पोरंसुद्धा हेच करतात म्हणून हसलो नाही. अहो डब्यावर साखर लिहिलं म्हणून आतलं मीठ गोड होतं का.

भाची कोपरखैरण्याला राहते, एमएस्सी ऑरगॅनिक करतेय, शेवटचं वर्ष. तिच्या सिनिअरने केमड्रॉमध्ये स्ट्रक्चर, म्हणजे रेणूची आकृती, काढून दिलेलं, हिच्या लॅपटॉपवरची ट्रायल संपलेली. केमड्रॉ म्हणजे आमच्या धंद्यातलं सगळ्यात जुनंजाणतं चित्र काढायचं सॉफ्टवेअर, १९८५ मध्ये आधी मॅकिंटॉशवर आलं, हार्वर्डच्या लोकांनी केलेलं. त्याची स्वतःची फाइल म्हणजे सीडीएक्स. ती बायनरी असते, नोटपॅडमध्ये उघडलीत तर सुरुवातीला व्हीजेसीडी०१०० एवढं वाचता येतं आणि पुढे सगळे चौकोन नि कचरा. तिचीच बहीण सीडीएक्सएमएल, ती साधी टेक्स्ट असते, आणि केचरसारखे ब्राउझरमध्ये चालणारे फुकटचे एडिटर ती उघडतात, म्हणजे लॅपटॉप विंडोज असो लिनक्स असो फरक पडत नाही. पण सिनिअरने पाठवलेली सीडीएक्स.

ठाणे येईपर्यंत तिने दोन उद्योग करून ठेवले. पहिला, सिनिअरकडून स्क्रीनशॉट मागवून मला पाठवला, "हा घे, हा तर उघडतोय." मी म्हटलं बाई हा फोटो आहे, रेणू नाही. फोटोत षटकोन दिसतो फक्त आपल्याला, कॉम्प्युटरला ते काळे ठिपके. चित्रावरून स्ट्रक्चर ओळखणारी सॉफ्टवेअर आहेत, ओस्रा आहे, डेसिमर आहे, पण व्हॉट्सॲपने आधीच दाबून बारीक केलेल्या फोटोवर त्यांचाही जीव किती. वेजची रेघ (पाचरीसारखी, बाँड आपल्याकडे येतोय सांगणारी) आणि साधी रेघ यातला फरकच जर पुसट झाला तर ते तरी काय करणार.

दुसरा उद्योग भारी होता. नेटवर कुठलंतरी फुकट कन्व्हर्टर शोधून तिने फाइल टाकली, मोल फाइल मिळाली, ती तिच्या लॅपटॉपवर उघडली पण, आणि खुशीत मला फोन. "मामा झालं! पण मास, रेणूचं वजन, वेगळा येतोय. १६४ दाखवतंय. माझा २६५ आहे ना?"

मी ९ नंबरच्या प्लॅटफॉर्मवरच थांबलो. लोक धक्के मारत जिन्याकडे चाललेत आणि मी मनात वजाबाकी करतोय. २६५ वजा १६४, १०१. आणि एकदम पेटलं, "अगं तुझा बॉक गेला!" शेजारून जाणाऱ्या काकूंनी असं बघितलं माझ्याकडे.

बॉक म्हणजे अमाइनला, रेणूच्या नायट्रोजनवाल्या टोकाला, रिॲक्शनमध्ये झाकून ठेवायचा ग्रुप, टर्ट-ब्युटॉक्सीकार्बोनिल, नाव लांबलचक म्हणून सगळे नुसतं बॉक लिहितात. तिचं कंपाउंड साधं आहे, बॉक-एल-फेनिलॲलनिन, मॉलिक्युलर वेट २६५.३. सिनिअरने केमड्रॉमध्ये नायट्रोजनला जोडून तीन अक्षरं टाइप केली, केमड्रॉला ती कळतात, त्याच्या पोटात पाच कार्बन, नऊ हायड्रोजन, दोन ऑक्सिजन आहेत हे त्याला माहीत असतं. त्या कन्व्हर्टरला ते वाचताच आलं नाही, त्याने तिथे एक अनोळखी अणू ठेवला, शून्य वजनाचा, आणि पुढे गेला. एरर नाही, लाल अक्षरं नाहीत, काही नाही. स्ट्रक्चर स्क्रीनवर दिसायला ठीकठाक. हीच भीती असते या कामात, फाइल उघडली नाही तर निदान कळतं तरी, उघडली आणि आतून काहीतरी गळालेलं असलं तर रिपोर्ट छापून हातात येईपर्यंत पत्ता लागत नाही. तिने मास बघितला म्हणून वाचली. (ही सवय तिच्या आईची, माझ्या ताईची, भाजीवाल्याचा हिशोब तीनदा मोजते.)

आणि एक, कुठल्याही अनोळखी साइटवर स्ट्रक्चर टाकायचं नाही हे मी तिला तिथेच ऐकवलं. तिचं कंपाउंड कुणीही बाजारातून विकत आणेल म्हणून ठीक, पण माझ्या टेबलावरचं एखादं स्ट्रक्चर मी असं अपलोड केलं तर पेटंटवाले माझी पूजाच घालतील. यासाठी ओपन बेबल आहे, फुकट आहे, आपल्याच मशीनवर चालतं, विंडोज मॅक लिनक्स सगळीकडे, शंभराच्या वर फॉरमॅट समजतं. कमांड पण एका ओळीची, आधी आतली फाइल मग मोठा ओ आणि बाहेरची फाइल. पण बॉकसारखी शॉर्टकट नावं असली की मी त्याच्यावरही आंधळा विश्वास ठेवत नाही, मुळातच उलगडून घेतो.

म्हणून तिला म्हटलं, सिनिअर अजून लॅबमध्ये आहे का? होता बिचारा. त्याला सांग, स्ट्रक्चर मेन्यूत एक्सपांड लेबल आहे, बॉक सिलेक्ट करून ते दाब, सगळे अणू सुटे होतील, मग सेव्ह ॲजमध्ये मोल फाइल निवड. पाच मिनिटांचं काम.

पण पोरगा हुशार, फाइल पाठवायच्या ऐवजी त्याने ती नोटपॅडमध्ये उघडली, सगळं कॉपी केलं आणि व्हॉट्सॲप मेसेज म्हणून चिकटवलं. घरी पोचून, चहा पुढ्यात घेऊन मी ते लॅपटॉपवर सेव्ह केलं तर उघडेना.

आता मोल फाइल ही खरंतर फार प्रामाणिक वस्तू आहे, नुसती टेक्स्ट, कुणालाही वाचता येते. पहिल्या तीन ओळी म्हणजे डोकं, नाव, प्रोग्रॅम, शेरा, आणि चौथ्या ओळीत अणू किती बाँड किती. इथे १९ आणि १९ हवे होते, हायड्रोजन सोडून. (कन्व्हर्टरच्या फाइलमध्ये १३ होते, आता कळतं ना.) त्याच्या फाइलची पहिली ओळ रिकामी होती. व्हॉट्सॲप मेसेजच्या सुरुवातीची रिकामी जागा कापून टाकतं, म्हणजे एक ओळ गेली, सगळं वर सरकलं, आणि सॉफ्टवेअर चौथ्या ओळीत आकडे शोधतंय तर तिथे पहिल्या कार्बनचे कोऑर्डिनेट! शिवाय यात सगळं कॉलम मोजून ठेवलेलं असतं, अणूंना तीन घरं, बाँडना तीन घरं, एक स्पेस इकडची तिकडे झाली की गेलं. त्या तीन घरांमुळेच जुन्या व्ही२००० फॉरमॅटमध्ये ९९९ च्या वर अणू बसत नाहीत, मोठ्या रेणूंसाठी व्ही३००० आलं.

मी वर एक एंटर मारला, सेव्ह केलं. उघडली. एवढंच. ताईला हे सांगितलं असतं तर म्हणाली असती यासाठी पगार देतात तुला?

मग उरलं स्टिरिओ, म्हणजे अणू जागेत कुठल्या बाजूला वळलेत ते, आणि एल-फेनिलॲलनिनमध्ये तेच तर महत्त्वाचं. बाँडच्या ओळीत चौथा आकडा १ असला तर वेज, ६ असला तर डॅश, मागे जाणारी तुटक रेघ. होता जागेवर. तरी इंची-की, म्हणजे रेणूची ठरावीक ओळखखूण, काढली, ती २७ अक्षरांची असते, पहिली १४ सांगाड्याची, पुढच्या तुकड्यात स्टिरिओ. त्या दुसऱ्या तुकड्याची सुरुवात यूएचएफएफएफने झाली तर समजायचं आत स्टिरिओ नाहीच. ही पबकेम या रेणूंच्या ऑनलाइन डेटाबेसवरच्या कीशी जुळवून बघितली, तंतोतंत. मास २६५.३. तेव्हा कुठे चहा प्यायलो, गार झालेला.

तिला फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली, आणि सोबत स्माइल्स, म्हणजे तोच रेणू अक्षरांत लिहिलेला, पण, कारण स्माइल्स एका ओळीत मावतं, मेसेजमध्ये मोडत नाही. कॉपी-पेस्टच कर म्हणून बजावलं, हाताने टाइप करायचं नाही. स्माइल्समध्ये बारका सी म्हणजे ॲरोमॅटिक, बेंझीनसारख्या कड्यातला कार्बन आणि मोठा सी म्हणजे साधा कार्बन, आणि फोनचा कीबोर्ड वाक्याचं पहिलं अक्षर आपल्या मनाने मोठं करतो, बेंझीनची गंमतच होते मग. फोनवर फाइल सेव्ह करताना मागे टीएक्सटी लागलं नाही ना तेही बघ म्हटलं, विंडोजमध्ये तर एक्स्टेन्शन लपवलेलंच असतं, फाइलचं नाव मोल दिसतं आणि असते ती मोल डॉट टीएक्सटी.

तिला वाटलं संपलं. मग म्हणाली गाईडकडे मॅक आहे आणि रिपोर्ट वर्डमध्ये आहे. हे जुनं दुखणं आहे बघा, विंडोजच्या वर्डमध्ये केमड्रॉचं स्ट्रक्चर चिकटवलं की डबल क्लिकने परत उघडतं, पण तीच फाइल मॅकवर गेली, तिथे कुणी सेव्ह केली, परत आली की बरेचदा उरतं नुसतं चित्र, हात लावता येत नाही. मी तर रिपोर्टमध्ये सरळ मोठ्या रिझोल्यूशनचं पीएनजी टाकतो आणि मूळ फाइल शेजारच्या फोल्डरमध्ये ठेवतो, त्याच नावाने. तिलाही तेच करायला लावलं, कुरकुरत केलं तिने.

साडेदहाला सगळं गेलं गाईडकडे. मी जेवून आडवा झालो आणि पावणेबाराला फोन वाजला.

"मामा, सर म्हणाले स्ट्रक्चर बरोबर आहे. पण बॉक नको, त्याजागी झाकायचा दुसरा ग्रुप, सीबीझी, लावून बघू या."